क्लाराचं घर बदलायचं की नाही

जबलपूरला जाऊन आलो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न भेडाघाटचा विचारतात. संगमरवराचे कडे पाहिले का, नावेत बसलात का, धबधब्याचे तुषार अंगावर आले का. यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको. आठवडाभर जबलपुरात होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ नेपियर टाउनमधल्या एका जेवणाच्या टेबलाशी गेला.

माझी धाकटी बहीण विद्या लग्न होऊन सांगलीहून जबलपूरला गेली, त्याला वीसेक वर्षं झाली. दाजी तिथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. घरात दाजींची थोरली बहीणही असते. तिला सगळे ताईजी म्हणतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. विद्याचा एकुलता मुलगा तन्मय यंदा विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेत वर्षभरासाठी ब्राझीलला गेलाय. त्या योजनेत ज्या घरातलं मूल बाहेर जातं, त्या घरानं बाहेरून आलेलं मूल सांभाळायचं असतं. म्हणून ऑगस्टपासून तन्मयच्या खोलीत क्लारा नावाची सतरा वर्षांची मुलगी राहते. ती चेक देशातल्या एका लहान गावची.

डिसेंबरात विद्याचा फोन आला. आवाज रडवेला होता.

“दादा, क्लारानं घर बदलून मागितलंय. आम्हाला काही बोलली नाही, योजनेच्या संयोजक बाईंना परस्पर सांगितलं. त्या रविवारी जेवायला येतायत. तेव्हा ठरणार.”

“कारण काय?”

“तेच तर कळत नाही ना! एका शब्दानं दुखावलं नाही रे तिला. आमच्या घरात परकं मूल राहू शकत नाही, असाच अर्थ होतो ना याचा? आणि माझा तन्मय तिकडे परक्यांच्याच घरात आहे.”

“दाजी काय म्हणतात?”

“ते म्हणतात, सब ठीक है. त्यांना सगळंच ठीक है असतं. तू ये. तू शांतपणे बघशील.”

माझा व्यवसाय इमारतींची अंदाजपत्रकं करण्याचा. जागेवर जायचं, मापं घ्यायची, कुठे काय कमी पडतंय ते सांगायचं. घराचंही तसंच करता येईल असं विद्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

नेपियर टाउन

विद्याचं घर दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. समोर कोचिंग क्लास. क्लास सुटला की रस्त्यावर इतक्या स्कूटी येतात की दवाखान्यातून गाल धरून निघालेल्या माणसाला ऑटोपर्यंत पोहोचायलाही वाट मिळत नाही.

दार क्लारानंच उघडलं. मी स्वेटर, मफलर आणि वर शाल अशा थाटात, आणि ती अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात. “या मामाजी,” ती मराठीत म्हणाली. मी उंबऱ्याबाहेरच थबकलो, तर म्हणते कशी, “काहून उभे राहून राहिले? या ना.”

आमच्या सांगलीत ‘का’ला ‘काहून’ कोणी म्हणत नाही. हे ताईजींचं मराठी. विद्याही आता अधूनमधून तसंच बोलते, ते मला सवयीचं झालंय. पण परदेशी मुलीच्या तोंडून ते ऐकून मला क्षणभर आपण कुठल्या गाडीत बसलो नि कुठे उतरलो हेच कळेना. तिनं माझे बूट उचलून कप्प्यात ठेवले. त्यांच्याकडेही म्हणे बूट दाराशीच काढतात. तो धडा तिला द्यावा लागला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला क्लारा, मी, दाजी आणि ताईजी बसलो. विद्या वाढत होती, ती मागाहून जेवते. मी लक्ष ठेवून होतो. क्लारानं चार पोळ्या खाल्ल्या, मिरचीचं लोणचं खाल्लं, भातावर दुसऱ्यांदा वरण स्वतः पळीनं वाढून घेतलं. जेवण आवडत नाही हे कारण मी तिथेच खोडलं. विद्या वरणाचं भांडं आत घेऊन गेली आणि दुसरं आणून ठेवलं. गार झालं असेल.

जेवण संपलं तशी क्लारा ताट घेऊन उठली. लगेच तीन आवाज एकदम आले.

“राहू दे, राहू दे बेटा!”

“अरे, बैठो बैठो!”

“ठेव ते. ठेव म्हणते ना.”

विद्यानं तिच्या हातातून ताट अक्षरशः काढून घेतलं. क्लारा बेसिनशी हात धुऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

“बघ,” विद्या कुजबुजली, “रोज असंच. जेवली की दार बंद.”

आमच्या घरांत दार लावून बसायचं म्हणजे एकतर भांडण, नाहीतर ताप. तेवढ्यात ब्राझीलहून तन्मयचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या हातांना फेस लागलेला होता. तिकडे त्याच्याकडे दुपारची भांडी असतात, असं त्यानं हसत सांगितलं. कॉल बंद झाल्यावर विद्यानं डोळ्यांना पदर लावला. “माझं पोरगं तिथे लोकांची भांडी घासतंय. आणि हिला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही, तर हिलाच घर नको!”

दुसऱ्या दिवशी मी एकेकाला विचारलं. दाजी मला सकाळी पोहे-जिलबी खायला घेऊन गेले. तिकडे पोह्यांवर शेव घालतात आणि जिलबी सोबतच खातात. मी आधी पोहे संपवून मग जिलबी घेतली, तर दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. दाजी म्हणाले, “अनिलराव, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मुलगी आहे, घरची आठवण येत असेल. चलो, एक-एक जलेबी और.”

ताईजी आकड्यांचं कोडं सोडवत होत्या. म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे. पण शिकत नाही.”

“काय शिकत नाही?”

“जे शिकायला पाहिजे ते.”

“मग तुम्ही सांगा ना.”

“पाहुण्याला आपण काय सांगणार, बाप्पा?” आणि त्यांनी एका चौकटीत सात लिहिला.

विद्याला विचारलं तर ती दर वेळी नवीन कारण द्यायची. खोली थंड आहे. बादलीनं अंघोळ आवडत नसेल. मी गीझर तपासला, खिडकीची फट मोजली. सगळं ठीक होतं. मी कागदावर काही लिहिणार होतो, पण लिहिण्यासारखं काही मिळालं नाही.

गढा

हिवाळ्यातलं जबलपूर म्हणजे मटार. गल्लीत हातगाड्यांवर हिरवे ढीग, घराघरांतून सोलायची परात बाहेर. वर्षभरासाठी दाणे सोलून फ्रीजरमध्ये भरून ठेवायची तिकडे रीत आहे. ताईजींचा ठरलेला भाजीवाला गढ्याच्या बाजारात बसतो, म्हणून क्लाराची आणि माझी रवानगी ई-रिक्षातून तिकडे झाली. विद्या तिला पाठवायला तयार नव्हती. ताईजीच म्हणाल्या, “जाऊ दे. अनिलराव एकटे गेले तर भटकतील.”

गढा म्हणजे शहराच्या पोटात बसलेलं जुनं गाव. घराला घर चिकटलेलं, दुकानं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. मी भाजीवाल्याला विचारलं, “भाऊ, मटार ताजा है क्या?” त्यानं वर पाहिलंही नाही.

“मामाजी, इथे भैया म्हणतात,” क्लारा म्हणाली. “और मटार नहीं, मटर.” मग तिनं एक शेंग उचलून फोडली, दाणा चावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “भैया, ये मीठा नहीं है. वो वाला दो.” भैयानं निमूट दुसरं पोतं उघडलं.

परत येताना माझ्या हातातली पिशवी खालून फाटली. दहा किलो शेंगा उतारावरून घरंगळल्या, एक गाय आली, मागोमाग दोन शेळ्या आल्या. मी एका हातानं गाय ढकलत होतो आणि दुसऱ्या हातानं मफलर सावरत होतो. क्लारा रस्त्यात बसून हसत होती. शेवटी तिनं माझाच मफलर काढून घेतला आणि त्यात शेंगा बांधल्या. साधारण नऊ किलो घरी पोहोचल्या असाव्यात.

दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर मटार सोलायला बसलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की जिला सगळे बाहेर काढायचे, त्या क्लाराला इथे मात्र कोणी अडवलं नाही. ती ताईजींशेजारी बसली आणि अंगठ्यानं अशा झपाट्यानं सोलू लागली की मी थांबून बघत राहिलो.

“कुठे शिकली?” ताईजींनी विचारलं.

“आजीचा बाग,” ती म्हणाली. “आजी म्हणते, जो गिरवेल, तो... उचलवेल?”

“जो सांडेल तो उचलेल,” ताईजींनी सुधारलं.

“हां. ते.” थोड्या वेळानं तिनं परातीकडे पाहून विचारलं, “किती होणार? मी म्हणते चार किलो.” माझा अंदाज पाचाचा होता. वजन केलं, चारच्या जरा वर भरलं. माझा तीस वर्षांचा धंदा अंदाजाचा. ताईजी गालात हसल्या. विद्यानं तिथेच चहा आणला. दार उघडं, रेडिओ चालू, क्लारा मांडी घालून बसलेली आणि तिच्या केसांत मटारचं साल. या मुलीला हे घर सोडायचंय? मी आधीपेक्षा जास्त गोंधळलो.

तिलवारा

शनिवारी दाजींनी आम्हा दोघांना गाडीतून तिलवाऱ्याला नेलं. नागपूरचा रस्ता तिथे नर्मदा ओलांडतो. वर पुलावरून ट्रक धडधडत जातात आणि खाली घाटावर लोक दिवे सोडत असतात. दोन्ही एकाच वेळी चालू असतं आणि कोणाला काही वाटत नाही. पाणी हिरवट, संथ, थंड. मी काठाशी बसून पात्राची रुंदी डोळ्यांनी मापत होतो. दाजींना ओळखीचं कोणीतरी भेटलं आणि ते “नर्मदे हर” करत तिकडे गेले. मग मी माझ्या कचेरीच्या इंग्रजीत क्लाराला सरळच विचारलं, की तुला घर का बदलायचंय. नंतरचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत झालं. ते मराठीत लिहितो.

“मी हात लावला की ते लोक खाणं बंद करतात.”

“म्हणजे?”

“मी भांड्यातून काही घेतलं की विद्या आंटी ते भांडं आत नेतात. दुसरं आणतात. हसत हसत. मला आधी वाटलं, उगीच वाटतंय. मग मी मुद्दाम पाहिलं. भाजी घेतली, भाजी गेली. भात घेतला, भात गेला. म्हणून मी आता शक्यतो दुसऱ्यांदा घेत नाही. परवा तुम्ही होता म्हणून घेतलं. स्वयंपाकघरातही येऊ देत नाहीत. ताटसुद्धा धुऊ देत नाहीत. मी त्यांच्यासाठी घाण आहे का?”

माझ्या डोळ्यांसमोरून वरणाचं भांडं आत गेलं. मी ते पाहिलं होतं आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं.

“पळी तू कुठल्या हातानं धरतेस?”

“उजव्या. नेहमी उजव्याच. यायच्या आधी आम्हाला तीनतीनदा सांगितलं होतं, भारतात अन्नाला डावा हात लावायचा नाही.”

मला हसू आलं. तो मूर्खपणा झाला, कारण तिचा चेहरा पडला. मी घाईनं समजवायला लागलो. “जेवत्या हातानं पळी धरली की भांडं खरकटं होतं. म्हणून जेवताना वाढून घ्यायचं ते डाव्या हातानं.”

“खरकटं म्हणजे घाण?”

“नाही.”

“जंतू?”

“नाही. म्हणजे थोडं तसंच, पण नाही.”

“मग डावा हात चांगला?”

“वाढून घ्यायला चांगला. प्रसाद घ्यायला नाही.”

“प्रसाद अन्न नाही?”

“आहे.”

“आणि पोळी? ती कोरडी असते.”

“पोळीचं...” पोळीचं नक्की काय, हे मलाच सांगता येईना. आमच्याकडे चालतं, आत्याकडे चालत नव्हतं. “पोळीचं ताईजींना विचारावं लागेल.”

ती माझ्याकडे रोखून बघत होती. “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“कोणी सांगत नाही. लहानपणी चुकलं की आई हातावर चापट मारायची.”

“मग मला कोणी चापट का नाही मारली?”

“तू पाहुणी आहेस.”

“हो,” क्लारा म्हणाली. “तेच.”

दाजी परतले. गाडीत ते जुन्या पुलाबद्दल सांगत होते. मी हो-हो म्हणत होतो, पण एक शब्द डोक्यात शिरला असेल तर शपथ.

पुन्हा नेपियर टाउन

संध्याकाळी क्लारा खोलीत गेल्यावर मी विद्याला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“मग मी काय करायला पाहिजे होतं? परक्या देशातल्या पोरीला तोंडावर सांगायचं, तुझा हात खरकटा आहे? तिला काय वाटेल?”

“आता जे वाटतंय त्यापेक्षा बरंच वाटलं असतं.”

“टाकत नव्हते रे मी. खालच्या गाईला घालत होते.”

दाजी म्हणाले, “मला तर चाललं असतं. मी खाल्लं असतं.”

“मग बोलला का नाहीत?” विद्या कडाडली.

“अब घर में कौन बोले,” दाजी म्हणाले.

आता क्लाराला नीट कोणी सांगायचं, यावर तासभर गेला. विद्या म्हणाली दाजींनी. दाजी म्हणाले ताईजींनी, त्या शिक्षिका आहेत. ताईजी हॉलमध्ये कोडं सोडवत होत्या. सगळं ऐकू जात होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधीच सांगून बसलो होतो, आणि त्यामुळे ती मुलगी होती त्याहून जास्त गोंधळली होती, हे मला कबूल करावं लागलं. कोणीही काहीही न ठरवता झोपायला गेलं.

रविवारी संयोजक बाई आल्या. गोऱ्या, गोलमटोल, मोठ्यानं बोलणाऱ्या, हातात खव्याच्या जिलबीचा डबा. ही जिलबी काळपट दिसते, म्हणून मी पोह्यांच्या दुकानात करपलेली समजून नाकारली होती. बाई क्लाराच्या शेजारी बसल्या. पुऱ्या, मटारची उसळ, भात, कोशिंबीर. कोणी फारसं बोलत नव्हतं. बाई एकट्याच थंडीबद्दल बोलत होत्या.

क्लाराची उसळ संपली. तिला अजून हवी होती, ते दिसत होतं. तिनं उजवा हात उचलला. त्याला रस्सा लागलेला होता. हात थांबला. मग डावा उचलला. तो भांड्यापर्यंत गेला आणि तिनं संयोजक बाईंकडे पाहिलं. ज्या योजनेनं डावा हात लावू नको म्हणून बजावलं, तिच्याच बाई शेजारी बसलेल्या. डावाही थांबला. दोन्ही हात हवेत. विद्या खुर्चीतून अर्धी उठली. दाजी पाण्याच्या पेल्यात बघायला लागले. मी घास चावायचा थांबलो.

“डावा!” ताईजी ओरडल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा तो आवाज होता. “डावा हात! चार महिने झाले, इतकं समजत नाही काय तुला?”

संयोजक बाईंची पुरी तोंडापाशीच राहिली. क्लाराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, संपलं. आता ही उठणार आणि बॅग भरणार.

क्लारानं डाव्या हातानं पळी धरली, उसळ वाढून घेतली, पळी जागेवर ठेवली. मग ताईजींकडे वळली. “चार महिने!” तिचा आवाज चढला. “चार महिने काहून नाही सांगितलं?”

“तुला काहून नाही दिसलं? मी रोज तुझ्यासमोर डाव्या हातानं घेऊन राहिली!”

“मला वाटलं तुम्ही डावखुऱ्या आहे!”

“मी? सदतीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी ह्या हातानं!” ताईजींनी उजवा हात तिच्या नाकासमोर नाचवला. त्यालाही रस्सा लागलेला होता.

दाजींना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे कळायला थोडा वेळ लागला. विद्या मात्र रडत होती, आणि रडता रडता तिनं उसळीचं भांडं उचललं. सवयीनं आत न्यायला निघाली होती. दोन पावलं गेली, थांबली, परत आली आणि भांडं पुन्हा टेबलावर ठेवलं. ताईजींनी त्यातलीच एक पळी घेतली.

संयोजक बाईंना काय झालं ते काहीच कळलं नव्हतं. त्या एकदा ताईजींकडे बघत, एकदा क्लाराकडे. मुलीवर सगळ्यांदेखत ओरडणारं हे घर असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. त्यांनी क्लाराच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, “तो बेटा, नया घर देख लें? कल गाड़ी भेजूँ?”

“अभी नहीं,” क्लारा तोंडात घास असतानाच म्हणाली. मग ताईजींकडे बघून, “पुरीला कोणता हात?”

“विचारून विचारून खाशील तर थंड होईल,” ताईजी म्हणाल्या.

जेवण झालं. क्लारा ताट घेऊन उठली. तीन आवाजांपैकी दोन आलेच. विद्या “राहू दे बेटा” म्हणाली आणि दाजी “बैठो बैठो.” ताईजींनी हात वर केला.

“जाऊ दे तिला. आणि ऐक गं, पुऱ्यांची कढई पण घे घासायला. तेलाची आहे, आधी राखेनं पूस.”

“राख?” क्लारा म्हणाली.

“ओट्याखाली डब्यात.”

क्लारा आत गेली. विद्या खुर्चीवर बसून राहिली, हात मांडीवर, जणू तिच्या घरात चोरी होत होती आणि तिला ओरडायची परवानगी नव्हती. संयोजक बाईंनी माझ्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, “भाईसाहब, तो फिर क्या तय हुआ? रहेगी?”

मी तो प्रश्न ताईजींकडे सरकवला.

आतून कढई घासल्याचा खरखर आवाज यायला लागला होता. ताईजींनी मान वाकडी करून तो जरा वेळ ऐकला.

“कढई कशी घासते ते पाहू आधी,” त्या म्हणाल्या.